पार्श्वभूमी: नहाणी ट्रॅप हाताबाहेर कसा गेला

मोरीच्या जाळीखाली पाणी साचवून वास अडवणारं जे भांडं असतं, तो नहाणी ट्रॅप. मोरी तुंबली म्हणून बोलावलेला प्लंबर जाळी उचलण्याआधी एक प्रश्न विचारतो: ‘लाइन खालून आहे, का सन्कमध्ये?’ म्हणजे सांडपाण्याचा आडवा पाइप खालच्या घराच्या छताला लटकतो, का तुमच्याच बाथरूमच्या खोलगट स्लॅबमध्ये, लादीखाली गाडलेला आहे? घरमालकाला बहुधा उत्तर ठाऊक नसतं. मुंबई-पुण्याकडच्या सोसायट्यांमधली निम्मी भांडणं आणि मोरी मोकळी करायला किराणा दुकानात मिळणाऱ्या कॉस्टिकच्या पुड्या, या दोन्हींची मुळं मात्र त्याच प्रश्नात आहेत.

सांडपाण्याचा इतिहास लोथल आणि मोहेंजोदडोच्या झाकलेल्या विटांच्या गटारांपासून सांगायची प्रथा आहे. ती पाळली असं समजून पुढे जाऊ. आपल्या विषयाला जास्त जवळची गोष्ट १७७५ सालची आहे. लंडनमधल्या एका घड्याळजीने शौचकूपाचं पेटंट घेतलं आणि त्यात पाइपाला इंग्रजी एस अक्षरासारखा बाक दिला. बाकात पाणी साचून राहतं आणि खालचा वास वर येत नाही. आजचा प्रत्येक ट्रॅप, मग तो बेसिनखालचा बॉटल ट्रॅप असो की अंगणातला गल्ली ट्रॅप, याच साचलेल्या पाण्यावर चालतो. केस, वाळू, भाताची शितंही त्याच बाकात बसतात. तुंबण्याचा त्रास हा वास अडवण्याच्या सोयीबरोबरच घरात आला.

मुंबईत जमिनीखालच्या मैलावाहिन्यांचं काम १८६० च्या दशकात सुरू झालं, तरी घरातून निघणाऱ्या घाणीचे दोन रस्ते पुढे कितीतरी दशकं वेगळेच राहिले. मोरीचं पाणी पाइपातून जायचं आणि मैला माणसं डोक्यावरून न्यायची. त्यासाठी दोन इमारतींच्या मध्ये हाऊस गल्ली सोडलेली असे. काही इमारतींना मागच्या बाजूने लोखंडी गोल जिना असायचा, म्हणजे सफाई कामगाराला घरातून जावं लागू नये. १८८८ च्या महापालिका कायद्यात या कामासाठी ‘हलालखोर कर’ होता; हलालखोर म्हणजे मैला वाहणारा सफाई कामगार. १८९६ साली मांडवीत प्लेग दिसला तेव्हा पहिला संशय गटारांवर गेला. समुद्राचं पाणी आणि कार्बोलिक ॲसिड यांनी गटारं धुऊन काढली गेली. प्लेग उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरतो हे नंतर पक्कं झालं, पण ड्रेनेज म्हणजे रोगराई हे समीकरण डोक्यात घट्ट बसलं. गटार झाकून टाका, भिंतीत घाला, नजरेआड करा, ही ओढ तिथून पुढे कधी गेली नाही.

चाळीतली मोरी मात्र उघडीच होती. वरळी, नायगाव, डिलाईल रोडच्या १९२० च्या दशकातल्या चाळी घ्या. खोली १६० चौरस फुटांची, संडास मजल्यावर सामायिक. खोलीतली मोरी म्हणजे कोपऱ्यात शहाबादी फरशी, वीतभर कठडा आणि भिंतीशी भोक. भोकापलीकडे बाहेरच्या भिंतीवरून उतरणारा बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, पाइप. पुष्कळ ठिकाणी आत ट्रॅप नव्हताच. पाइप खाली गल्ली ट्रॅपवर मोकळा सुटायचा आणि वास तिथेच अडायचा. भांडी राखेने आणि काथ्याने घासली जायची, त्यामुळे राख आणि काथ्याचे धागे भोकाशी साठायचे. खराट्याची काडी किंवा तार घालून दोन मिनिटांत वाट मोकळी व्हायची. खरकटं वेगळ्या बादलीत जमायचं आणि गोठेवाला ते म्हशींसाठी न्यायचा. आज आपण ज्याला प्रतिबंधक उपाय म्हणतो तो तेव्हा रोजच्या कामाचा भाग होता. ते काम घरात कुणाच्या वाट्याला यायचं हे सांगायला नको.

चाळीचे पाइप तुंबू लागले त्याचं कारण मोरीत शोधून सापडत नाही, ते भाडेपावतीत आहे. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने मुंबईतली भाडी १९४० च्या पातळीवर बांधून टाकली. भाडेकरूला संरक्षण मिळालं, ते हवंच होतं. पण मालकाने बिडाच्या पाइपावर खर्च करायचं सोडून दिलं. शिसं ओतून केलेले सांधे सुटले, गंजाची पापुद्री आतून फुगली, आणि चार इंची पाइपातून दोन इंचाची वाट उरली. १९६९ साली जुन्या इमारतींच्या दुरुस्तीसाठी कायदा करून उपकर बसवावा लागला, तोवर बरेच पाइप कामातून गेले होते.

आता सन्ककडे येऊ.

१९६० चा सहकारी संस्था कायदा आणि १९६३ चा मालकी हक्काच्या फ्लॅटचा कायदा यांच्यानंतर ‘सेल्फ-कंटेन्ड ब्लॉक’ हे मध्यमवर्गाचं स्वप्न झालं. संडास घरात, बाथरूम घरात, उभ्याचा ओटा आणि ओट्यात सिंक. मोरी बाहेरच्या भिंतीपासून सुटून घराच्या पोटात आली. मग पाण्याला बाहेरच्या पाइपापर्यंत न्यायला आडवी लाइन लागणार. ती कुठून न्यायची याला दोनच उत्तरं होती.

पहिलं, स्लॅबला भोक पाडून लाइन खालून न्यायची. तुमचा ट्रॅप आणि आडवा पाइप खालच्याच्या बाथरूमच्या छताला लटकतात. पाइपाला सफाईचं झाकण असतं. ते खोलून तार घातली की काम झालं. अडचण एवढीच, की तुमची मोरी साफ करायला खालच्याची बेल वाजवावी लागते, आणि झाकण उघडताच जे पडतं ते त्याच्या बादलीत पडतं. सांधा गळला तर थेंब त्याच्या डोक्यावर. अंघोळ करून आलेल्या माणसावर दुसऱ्याच्या मोरीचं पाणी पडलं तर त्याला काय वाटतं, हे इंजिनिअरच्या नकाशात येत नाही. सोवळं-ओवळं मोडीत निघालं असं आपण म्हणतो, पण खालून लाइन नको म्हणणाऱ्यांच्या तक्रारीत त्याचा अंश होताच.

दुसरं उत्तर सन्क. बाथरूमचा स्लॅबच फूटभर खाली घ्यायचा (भारतीय बैठकीच्या संडासाला दीड फूटही), तळाला वॉटरप्रूफिंगसाठी ब्रिकबॅट कोबा (विटांचे तुकडे आणि सिमेंट यांचा थर) करायचा, त्यात ट्रॅप आणि पाइप बसवायचे, वर विटांचे तुकडे भरायचे आणि लादी ठोकायची. सगळं तुमच्याच घरात राहतं. शेजारी सुखी, बिल्डर सुखी, छत सपाट. सत्तर-ऐंशीच्या दशकांत हे उत्तर जिंकलं आणि मुंबईची उपनगरं, ठाणे, पुणे इथल्या हजारो इमारती त्या पद्धतीने उभ्या राहिल्या.

माझ्या मते ही फसगत होती, आणि ती कळायला वीस-पंचवीस वर्षं गेली. सन्कमधल्या ट्रॅपला वरची जाळी सोडून दुसरी वाट नसते. जाळीतून हात मनगटापर्यंत जातो. पुढच्या वळणावर केसांचा बोळा बसला की लादी फोडायला लागते, आणि लादी फोडली की कोबा दुखावतो. दुसरी गोष्ट त्याहून वाईट. पाइपाचा सांधा सुटला तर पाणी आधी विटांच्या भरावात मुरतं. सन्क भरेपर्यंत महिने जातात, कुणाला पत्ता नसतो, आणि मग खालच्याच्या छतावर ओल दिसते. लटकत्या पाइपाचा थेंब निदान कुठून आला ते सांगायचा. काही ठिकाणी सन्कच्या तळातून बाहेर एक बारीक नळी काढून ठेवत, म्हणजे आत पाणी साठलं तर तिथून ठिबकेल. पुढे रंगारी किंवा गवंडी ती बुजवून टाकायचा.

खर्च कुणाचा, यावरून तर गुंता वाढतच गेला. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींत सामायिक ड्रेनेज लाइनची दुरुस्ती संस्थेकडे आहे आणि फ्लॅटच्या आतली गळती सभासदाकडे. लाइन लटकत होती तेव्हा ‘आत’ आणि ‘सामायिक’ यांची सीमा डोळ्यांना दिसायची. सन्कमध्ये ती भरावाखाली गेली. ट्रॅपपासून उभ्या पाइपापर्यंतचा दोन-तीन फुटांचा तुकडा कुणाचा, यावर सर्वसाधारण सभांचे किती तास गेले असतील! कमिटी म्हणते तुमचा ट्रॅप, सभासद म्हणतो तुमचा पाइप, आणि दोघेही प्लंबरच्या तोंडाकडे बघतात. प्लंबर दोघांनाही हो म्हणतो.

ज्या वस्तूवरून हे सगळं चालतं तिचं नाव मोठं गमतीचं आहे. आपल्या न्हाणीचं ‘नहाणी’ होऊन ते बांधकामाच्या इंग्रजीतल्या दरसूच्यांत शिरलं. बिडाचा किंवा पीव्हीसीचा ‘नहाणी ट्रॅप’ सरकारी अंदाजपत्रकात आजही तसाच लिहिला जातो. पुढे हार्डवेअरच्या दुकानात त्याचा ‘नानी ट्रॅप’ झाला. आता ओडिशाच्या केंद्रपाड्याकडून आलेला कारागीर आपल्याच भाषेतला शब्द आपल्याला नव्याने शिकवतो.

तोवर पाइपात जाणाऱ्या वस्तू बदलल्या होत्या. राख गेली, साबणाची वडी आणि पावडर आली. गोठे शहराबाहेर गेले, खरकट्याची बादली गेली, आणि चहाचा चोथा, भाताची पेज, फोडणीचं तेल थेट सिंकमध्ये जाऊ लागलं. तेल गरम पाण्याबरोबर पुढे सरकतं आणि गार झाल्यावर पुढच्या वळणावर थिजतं. उकळतं पाणी ओतल्यावर ‘मोकळं झालं’ असं वाटतं ते बऱ्याचदा एवढंच. बोअरच्या किंवा टँकरच्या जड पाण्यात साबणाचा पांढरा चिकट साका होतो आणि केसांना तोच धरून ठेवतो. सिंकखाली बॉटल ट्रॅपऐवजी घड्यांचा लवचीक वेस्ट पाइप आला, त्याच्या प्रत्येक घडीत तेल बसतं. वॉशिंग मशीनचा पाइप नहाणी ट्रॅपमध्ये सोडल्यावर कपड्यांचा भुसा त्यात भर घालू लागला.

नव्वदच्या दशकातल्या मार्बलच्या हौसेने जे केलं ते सगळ्यात चिवट. घासकाम आणि पॉलिशची स्लरी (दगडाच्या भुकटीचा पातळ चिखल) कारागीर बादलीने मोरीत ओततो, कारण ती पांढऱ्या पाण्यासारखी दिसते. ट्रॅपमध्ये जाऊन ती दगड होते. आजही नवं घर घेतल्यावर किंवा लाद्या बदलल्यावर सहा महिन्यांत मोरी तुंबली, तर आधी ग्राउट (लाद्यांच्या फटींत भरायचा मसाला) आणि व्हाइट सिमेंटवर संशय घ्यावा. त्यावर कुठलंही रसायन चालत नाही. काम सुरू होण्याआधी प्रत्येक ट्रॅपमध्ये गोणपाटाचा बोळा कोंबणं हाच उपाय, आणि जुने गवंडी तो करायचे.

रसायनांचा जोर वाढला तो हात पोहोचेनासा झाल्यावर. कॉस्टिक सोडा चरबीचा साबण करतो आणि केस हळूहळू विरघळवतो, हे खरं. पण पाणी साचलेलं असताना पुडी ओतली तर दाणे तळाशी बसून त्यांचा गोळा होऊ शकतो. शिवाय तो पाण्यात पडताच तापतो. बिडाच्या पाइपाने ती उष्णता सोसली असती. नव्वदनंतर सर्रास झालेला पीव्हीसी नरम पडतो, सांधे सैल होतात, आणि सन्कमधला सांधा सैल झाला तर पुढे काय ते वर आलंच आहे. हातगाडीवर बाटलीने मिळणारं ॲसिड लादीचे सांधे आणि कोबा खातं. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ॲसिडच्या किरकोळ विक्रीवर बंधनं आणली ती हल्ल्यांच्या प्रकरणांमुळे, मोरीचा तिथे विषय नव्हता. पण सुट्या ॲसिडच्या बाटलीवर त्याचा परिणाम झाला. ॲसिडवर ब्लीचिंग टाकलं तर क्लोरीन वायू सुटतो, बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेततो. खायचा सोडा आणि व्हिनेगर हा उपाय मोबाइलमधून आला. फेस छान येतो. फेस विरल्यावर उरतं ते मिठाच्या जातीचं पाणी, तेलाला त्याचं काही वाटत नाही.

इमारतीच्या चेंबरपाशी मात्र अजूनही माणूस बोलावला जातो. बांबूच्या कामट्या आणि स्प्रिंग यांच्या जागी जोराच्या पाण्याने पाइप धुणारी जेटिंगची गाडी आली, तरी हाऊस गल्लीत ती शिरत नाही. गटारात किंवा सेप्टिक टाकीत माणसाला साधनांशिवाय उतरवणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूची भरपाई १० लाखांवरून ३० लाख रुपये केली. सोसायटीने ‘कंत्राटदाराला सांगितलं होतं’ म्हटल्याने जबाबदारी टळत नाही, हे कमिट्यांना अजून पुरतं उमगलेलं नाही.

पुनर्विकासात उभ्या राहणाऱ्या टॉवरांत गाडी उलटी फिरली आहे. कित्येक ठिकाणी लाइन पुन्हा खालून जाते, फक्त आता ती फॉल्स सीलिंगच्या आड असते आणि तिथे फूटभर चौरसाचं झाकण ठेवलेलं असतं. त्यातून प्लंबरचा हात ट्रॅपपर्यंत पोहोचतो. झाकण पूर्वीसारखंच खालच्याच्या बाथरूममध्ये असतं, आणि तो मे महिन्यात गावी गेलेला असतो.