रिमोटची चिप ‘गेली’ म्हणण्याआधी

सेल बदलूनही रिमोट चालेना, की निकाल ठरलेला असतो: “आयसी गेला,” म्हणजे आतली चिप जळाली. खरे तर रिमोटच्या बिघाडांत चिप जळण्याचा प्रकार विरळा. बहुतेक वेळा चिप शाबूत असते आणि ती ज्यांच्या भरवशावर चालते, त्या दोन-चार सुट्या भागांपैकी एखादा दगा देतो. ते भाग तिथे का आले, हे जुन्या इतिहासात सापडते.

सुरुवातीच्या रिमोटांत चिप नव्हतीच. १९५५ साली झेनिथ कंपनीत यूजीन पॉली यांनी ‘फ्लॅश-मॅटिक’ बनवला. तो म्हणजे जवळजवळ एक विजेरीच होती. तिचा झोत टीव्हीच्या चार कोपऱ्यांतल्या प्रकाशसंवेदी नळ्यांवर मारायचा. उन्हाची तिरीप आली तरी टीव्ही आपोआप चॅनेल बदलू लागे. पुढच्याच वर्षी त्याच कंपनीच्या रॉबर्ट अॅडलर यांनी ‘स्पेस कमांड’ आणला. बटण दाबले की छोटी हातोडी अॅल्युमिनियमच्या दांडीवर बसे आणि कानाला न ऐकू येणारा स्वर निघे. त्यात बॅटरी नव्हती, आणि ती मुद्दाम टाळली होती. बॅटरी संपली तर गिऱ्हाईक टीव्हीच बिघडला असे समजेल, अशी विक्री विभागाला धास्ती होती. ती धास्ती किती रास्त होती, हे दुरुस्ती करणारा कुणीही सांगेल.

चार दांड्यांत चार हुकूम मावत. पण १९७४ मध्ये बीबीसीची ‘सीफॅक्स’ ही टीव्हीच्या पडद्यावर मजकुराची पाने दाखवणारी टेलिटेक्स्ट सेवा सुरू झाली आणि पान उघडायला तीन आकडी क्रमांक द्यायची गरज पडली. मग प्रत्येक बटणाला वेगळा संकेतांक हवा, तो बिटांच्या, म्हणजे शून्य-एकच्या, रांगेत पाठवायला हवा आणि ती रांग तयार करायला चिप हवी, असे सगळे ओघाने आले. ध्वनीऐवजी अवरक्त (इन्फ्रारेड), म्हणजे डोळ्यांना न दिसणारा, प्रकाश आला, कारण तो भिंतीपलीकडे जात नाही आणि किल्ल्यांच्या खुळखुळाटाने गोंधळतही नाही.

ऊन आणि दिवे यांतही अवरक्त प्रकाश असतो, म्हणून फ्लॅश-मॅटिकची चूक टाळण्यासाठी एलईडी सेकंदाला हजारो वेळा लुकलुकवला जातो. समोरचा रिसीव्हर त्याच वारंवारतेचा प्रकाश तेवढा उचलतो. फिलिप्सच्या आरसी-५ पद्धतीत ही वारंवारता ३६ किलोहर्ट्झ, सोनीच्या पद्धतीत ४० आणि एनईसीच्या पद्धतीत ३८. हा ३८ चा आकडा कुठून आला? एएम रेडिओच्या आतल्या टप्प्यात ४५५ किलोहर्ट्झ वापरतात, त्यामुळे त्या वारंवारतेचे सिरॅमिक रेझोनेटर, म्हणजे ठरावीक वेगाने कंप पावून चिपला ताल देणारे भाग, मुबलक आणि स्वस्त होते. ४५५ ला १२ ने भागले की ३७.९ येतात. एनईसीच्या यूपीडी६१२१ या गाजलेल्या चिपला हाच रेझोनेटर लागे.

रिमोट हातातून पडला की पहिला बळी बहुधा या दोन-तीन पायांच्या रेझोनेटरचाच. आतली सिरॅमिक चकती तडकते, नाहीतर पायाशी टाका सुटतो. जुन्या कारागिरांची युक्ती याच नात्यातून आली: एएम रेडिओ लावून रिमोट त्याला चिकटवायचा आणि बटण दाबायचे. खरखरीत टुरटुर ऐकू आली तर चिप आणि रेझोनेटर दोघेही जिवंत, बिघाड पुढे एलईडीकडे. मोबाइलचा कॅमेरा एलईडीची झळक दाखवतो खरा, पण काही फोनच्या मागच्या कॅमेऱ्यात अवरक्त अडवणारी काच असते, म्हणून पुढच्या कॅमेऱ्यानेही बघावे. शिवाय झळक दिसली म्हणजे संकेतांक बरोबर आहे, असे मुळीच नाही.

इथे एक सापळा आहे. सेल वर्षभर टिकावेत म्हणून बटण दाबलेले नसताना ही चिप आपला ऑसिलेटरच, म्हणजे रेझोनेटरच्या तालावर लहर निर्माण करणारा भाग, बंद करून झोपते. लहरी पडद्यावर दाखवणाऱ्या ऑसिलोस्कोपचा (स्कोपचा) प्रोब रेझोनेटरला लावला, लहर दिसली नाही आणि चिप मृत ठरवली, असे सर्रास होते. बटण दाबून धरायला हवे, आणि प्रोब दहापटीच्या (१०X) ठेवणीत हवा, नाहीतर प्रोबच्या भारानेच ऑसिलेटर थांबतो. याच झोपेची दुसरी बाजू म्हणजे चिकटलेले बटण. रबराखालचा तेलकट चिकटा किंवा सांडलेला चहा एखादा संपर्क कायमचा जोडून ठेवतो. चिप झोपतच नाही, सेल चटकन उतरतात आणि बाकीची बटणे दाद देत नाहीत. बिचारी चिप फुकट बदनाम होते.

बटणांची मांडणीही काटकसरीतून आली. आठ आडव्या आणि आठ उभ्या रेषा घेतल्या की सोळा पायांवर चौसष्ट बटणे बसतात. म्हणून एकच बटण मेले असेल तर त्याचा कार्बनचा ठिपका झिजलेला असतो, पण एकाच रेषेवरची सगळी बटणे गेली असतील तर ट्रॅक किंवा चिपचा पाय तपासायचा. आरसी-५ मध्ये तर झिजलेला ठिपका वेगळाच खेळ करतो. तिथे प्रत्येक नव्या दाबासरशी एक बिट उलटतो. संपर्क मध्येच तुटला तर टीव्हीला दोन दाब वाटतात आणि १ चे ११ होतात.

एनईसी पद्धतीत सुरुवातीला ९ मिलिसेकंदांचा ठोका असतो, मग ४.५ ची शांतता. त्यानंतर पत्ता, त्याची उलट प्रत, हुकूम आणि त्याचीही उलट प्रत असे ३२ बिट जातात. बटण दाबून धरले तर सुमारे ११० मिलिसेकंदांनी फक्त ‘पुन्हा तेच’ एवढी छोटी खूण जाते. सेल कमजोर झाले की एलईडीच्या जोरदार स्पंदाबरोबर व्होल्टेज खचते आणि चिप अर्ध्या वाक्यात रीसेट होते. मल्टिमीटरवर सेल ठणठणीत दिसतात, कारण त्या वेळी त्यांच्यावर भार नसतो. सेलच्या टोकांवरचा छोटा कपॅसिटर याच झटक्यासाठी असतो. तो सुकला तर नवे सेलही जुन्यासारखे वागतात.

पुढे ठरावीक कामाच्या चिपची जागा चार बिटांच्या मायक्रोकंट्रोलरने, म्हणजे प्रोग्रॅमवर चालणाऱ्या छोट्या संगणक-चिपने, घेतली. त्यातला प्रोग्रॅम कारखान्यातच कायमचा कोरलेला. त्यामुळे नंबर सारखा दिसला तरी शेवटचा प्रत्यय वेगळा असेल तर आतले संकेतांकही वेगळे असू शकतात, आणि बदललेली चिप निमूटपणे दुसऱ्याच टीव्हीशी बोलते. १९८७ मध्ये अॅपलचे सहसंस्थापक स्टीव्ह वॉझ्निअॅक यांच्या सीएल ९ कंपनीने ‘कोअर’ हा दुसऱ्या रिमोटचे संकेत शिकणारा रिमोट आणला. तेव्हापासून स्मृती हाही बिघाडाचा एक पत्ता झाला.

आता बहुतेक रिमोटांत काळ्या इपॉक्सीच्या थेंबाखाली उघडी चिप असते. बाहेरचा रेझोनेटरही अनेकदा गायब, घड्याळ आतच. पडून तडकण्याची भीती गेली; पण आतले घड्याळ तापमान आणि व्होल्टेजप्रमाणे सरकते. ३८ ऐवजी ३५ किलोहर्ट्झ निघाले तर रिमोट मेलेला नसतो, फक्त टीव्हीच्या तोंडाशी नेल्यावरच चालतो. स्वतः बनवलेल्या रिमोटांत हे हमखास दिसते. एटीटायनी८५ ही छोटी मायक्रोकंट्रोलर चिप कारखान्यातून येते ती घड्याळाला आठाने भागणारी ‘फ्यूज’ (चिपमधली एक सेटिंग) चालू असलेली. प्रोग्रॅम ८ मेगाहर्ट्झ गृहीत धरून लिहिला असेल तर ३८ चे पावणेपाच किलोहर्ट्झ होतात. एलईडी कॅमेऱ्यात झळकतो, टीव्ही ढिम्म.

थेंबाखालची चिप खरोखरच गेली असेल तर ती बदलता येत नाही. तशाच दुसऱ्या चालत्या रिमोटचा संकेत रिसीव्हरने टिपून नव्या मायक्रोकंट्रोलरमध्ये भरणे, हा उपाय उरतो. केन शिरिफ यांनी २००९ मध्ये आर्डुइनो या मायक्रोकंट्रोलर बोर्डासाठी खुली केलेली लायब्ररी (तयार प्रोग्रॅमचा संच) या कामी येते. मात्र तीन पायांचा रिसीव्हर वाहक लहर, म्हणजे एलईडीचे ते जलद लुकलुकणे, गाळून टाकतो, त्यामुळे टिपलेल्या नोंदीत बिट मिळतात, ३६ की ३८ हे कळत नाही. ते बिटांच्या ठेवणीवरून ओळखावे लागते: ९ आणि ४.५ ची सुरुवात दिसली तर ३८ धरून चालावे.