हाताची की मशीनची? क्विल्टमधल्या एका जुन्या भांडणाची पार्श्वभूमी

क्विल्ट, म्हणजे थर टाचून केलेली गोधडी, कोणालाही दाखवा, पहिला प्रश्न ठरलेला असतो: "हाताने केलीस?" मी या प्रश्नाला आजवर धड उत्तर देऊ शकलेले नाही. तुकडे मशीनवर जोडलेले असतात, थर मशीनवरच टाचलेले असतात, आणि कडेची पट्टी मात्र चार संध्याकाळी मांडीवर घेऊन हातशिलाईने बसवलेली असते. मग हो म्हणायचं की नाही? विचारणाऱ्याला हे सगळं ऐकायचं नसतं. त्याला शाबासकी द्यायची असते, आणि ती 'हाताने' या शब्दाला बांधलेली असते.

मुळात घोळ आहे तो क्विल्टिंग या शब्दात. आख्ख्या छंदाला आपण क्विल्टिंग म्हणतो आणि त्या छंदातल्या एकाच पायरीलाही. तुकडे जोडून वरचा पदर तयार करणं हे जोडकाम. कापड कापडावर बसवून फुलं-पानं काढणं हे ॲप्लिक. वरचा पदर, मधला भराव आणि अस्तर यांना आरपार टाके घालून एकजीव करणं, हे खरं क्विल्टिंग. अमेरिकेत गेली काही दशकं जो वाद रंगला तो बहुतेक या तिसऱ्या पायरीपुरताच होता. जोडकाम मशीनवर करायला कडव्या परंपरावाद्यांचीही फारशी हरकत नव्हती. हे लक्षात न घेता जुने लेख वाचले तर दोन्ही बाजू वेगवेगळ्या गोष्टींवर भांडताहेत असं वाटतं, आणि पुष्कळदा तसंच असतं.

फार मागे जाण्यात अर्थ नाही. थर टाचून केलेलं कापड माणूस हजारो वर्षं वापरतो आहे. चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धातली, सिसिलीत केलेली लिननची भरीव नक्षीची क्विल्ट आज लंडन आणि फ्लॉरेन्समध्ये तुकड्यांच्या रूपात आहे. पण त्यातलं काहीही घरचा छंद नव्हतं. फावल्या वेळात, स्वतःच्या आनंदासाठी, गरजेपेक्षा जास्त सुंदर करण्याची ही गोष्ट खऱ्या अर्थाने एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेत फोफावली, आणि तिथेच मशीनही घरात आलं.

शिवणाच्या मशीनचं महत्त्वाचं पेटंट 1846 चं. 1850 च्या दशकातच ती हप्त्यांवर मिळू लागली. ज्या घरात मशीन आलं त्या घरातल्या बाईने ते झाकून ठेवलं नाही. त्या काळातल्या काही क्विल्टवर ॲप्लिकच्या कडेने अगदी डोळ्यांत भरेल अशी टीप मारलेली दिसते. लपवायची असती तर तिने कापडाच्या रंगाचा दोरा घेतला असता. मशीन महाग होतं, नवं होतं, आणि टीप ही मिरवायची गोष्ट होती. 'आजीच्या काळी सगळं हाताने' हे चित्र नंतरच्या लोकांनी रंगवलेलं आहे.

याचा सगळ्यात बोलका पुरावा म्हणजे जॉर्जिया राज्यातल्या, गुलामगिरीतून सुटलेल्या एका कृष्णवर्णीय बाईने केलेली बायबलमधल्या प्रसंगांची क्विल्ट. 1886 मध्ये ती एका जत्रेत मांडली होती. अकरा चौकटी, त्यांत आदम-ईव्हपासून पुढचे प्रसंग. एका कलाशिक्षिकेला ती विकत हवी होती, बाईने नाही म्हटलं. काही वर्षांनी घरची ओढाताण झाली तेव्हा तिने दहा डॉलर मागितले आणि पाचावर सौदा झाला. आज ती वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय संग्रहात आहे. आणि तिच्यात हाताचे टाके आहेत तशी मशीनची टीपही आहे. तिच्यासमोर उभं राहून 'ही अस्सल नाही' म्हणायची कोणाची छाती आहे?

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जुन्याची ओढ लागली आणि हातशिलाईचं सोवळं तेव्हा तयार झालं. वर्तमानपत्रं आठवड्याला एक नमुना छापत, भराव आणि कापडाचे तयार संच टपालाने येत, आणि त्यांच्या जाहिरातीत खापरपणजीची आठवण काढलेली असे. 1933 मध्ये शिकागोच्या जागतिक प्रदर्शनाच्या निमित्ताने एक राष्ट्रीय स्पर्धा झाली. सुमारे 24,000 क्विल्ट आल्या. ऐन मंदीत पहिलं बक्षीस 1,000 डॉलर. ते मिळालं केंटकी राज्यातल्या एका बाईंना, आणि त्यांची क्विल्ट राष्ट्राध्यक्षांच्या पत्नीला भेट गेली. पुढे तिचा पत्ताच लागला नाही. कित्येक वर्षांनी बाहेर आलं ते असं, की त्या बाईंनी तिच्यात टाका घातलाच नव्हता. बारीक, एकसारखे, डोळ्यांचं पाणी काढणारे ते टाके मजुरीवर शिवणाऱ्या बायकांचे होते. त्यांना ठरलेली मजुरी मिळाली, बक्षिसातला वाटा नाही. कामाची गरज होती म्हणून त्या गप्प राहिल्या.

म्हणजे परीक्षकांनी 'हाताने' हे पाहिलं. कोणाच्या हाताने हे पाहिलं नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर हा छंद मागे पडला तो 1970 च्या आसपास पुन्हा उसळला. 1971 मध्ये न्यूयॉर्कच्या एका कला-संग्रहालयाने साठेक जुन्या क्विल्ट आधुनिक चित्रांसारख्या पांढऱ्या भिंतींवर लावल्या. लोक चकित झाले. अमूर्त चित्रकारांच्या किती आधी बायकांनी हे केलं होतं! कौतुक झालं ते रंगांचं, आकारांचं, आणि निवडणाऱ्यांच्या नजरेचं. करणाऱ्या बहुतेकींची नावं कोणाला माहीतच नव्हती, आणि यावरून स्त्रीवादी अभ्यासकांनी लगेच कान उपटले, ते योग्यच केलं. पण माझ्या मते त्या प्रदर्शनाचा खरा परिणाम वेगळा आहे. क्विल्ट पलंगावरून भिंतीवर गेली. पलंगावरची क्विल्ट हातभर अंतरावरून बघितली जाते, तिचे टाके मोजता येतात. भिंतीवरची दहा फुटांवरून. तिथे टाका दिसत नाही, टाक्यांनी उठवलेले उंचवटे आणि सावल्या दिसतात. टाके मोजायची जुनी परीक्षा तिथेच निम्मी निकालात निघाली होती. मान्य करायला अठरा वर्षं लागली, एवढंच.

मधल्या काळात सामान बदललं. जुना सुटा कापूस धुण्यात गोळा होतो, म्हणून दर एक-दोन इंचांवर टाका लागायचा. दाट टाके ही हौस होती तशी मजबुरीही. पॉलिस्टरचा एकसंध भराव आला आणि चार-सहा इंच मोकळे सोडता येऊ लागले. 1976 मध्ये देशाच्या द्विशताब्दीमुळे घरोघरी क्विल्ट सुरू झाल्या. 1979 मध्ये एका जपानी कंपनीने गोल पात्याचं कटर आणलं. कात्रीने एकेक तुकडा कापण्याऐवजी चार-सहा थर पट्टीला लावून एका ओढीत कापता येऊ लागले. या कटरने हातकामाचा जेवढा भाग कमी केला तेवढा मशीननेही केला नसेल. त्यावर मात्र कोणी एक अक्षर बोललं नाही.

आणि मग 1989. केंटकीतल्याच पडूका गावी 1985 पासून दर वर्षी मोठं प्रदर्शन भरतं. त्याचं सर्वोच्च बक्षीस खरेदीच्या स्वरूपाचं, म्हणजे क्विल्ट आयोजकांच्या संग्रहात कायमची जमा. त्या वर्षी ते मिळालं सूर्यग्रहणाच्या एका क्विल्टला. काळी तबकडी, भोवती भडकलेली प्रभा, पिवळ्या-केशरीपासून निळ्या-जांभळ्यापर्यंत सरकत जाणाऱ्या छटा. जोडकाम मशीनचं, आणि तिन्ही थरांचे टाकेही मशीनचे. मशीनवर टाचलेल्या क्विल्टला हा मान तिथे पहिल्यांदाच मिळत होता.

हलकल्लोळ झाला. ही क्विल्टच नाही, असं म्हणणारे होते. आमची वर्षं गेली आणि हिने चटकन उरकलं, असं म्हणणारे होते. उद्या कारखान्यातल्या रजईलाही बक्षीस द्याल, असंही. आणखी एक हरकत जास्त गंभीर होती: मशीनची दाट टीप कापड कडक करते, अंगावर घेतल्यावर ते पडत नाही. हे खरं आहे. हाताचा धावदोरा एकच दोरा वर-खाली नेतो, दोन टाक्यांत श्वास घेतो, त्यामुळे पदर मऊ राहतो. मशीनचे दोन दोरे, एक वरचा आणि एक बॉबिनचा, थराच्या मधोमध एकमेकांत अडकतात आणि रेघ सलग दाबली जाते. पण भिंतीवर टांगायच्या गोष्टीने अंगावर कसं पडावं, हा निकष कोणी आणि का लावायचा?

'चटकन उरकलं' हे तर ज्याने घरच्या मशीनवर क्विल्ट टाचलेली नाही तोच म्हणू शकतो. मशीनच्या सुईपासून खांबापर्यंत जागा जेमतेम सात-आठ इंच. तेवढ्यात दुहेरी पलंगाची क्विल्ट गुंडाळून कोंबायची. मशीनचे दात खाली पाडायचे, म्हणजे कापड आपोआप पुढे सरकत नाही. आता दोन्ही तळहातांनी ते वजन फिरवत राहायचं आणि पायाने वेग सांभाळायचा. हात जलद आणि पाय हळू झाला की टाका लांब. हात अडला की त्याच जागी दोऱ्याचा गुंता. गुंडाळी टेबलाच्या कडेला अटकते, झटका बसतो, रेघ वाकडी. उसवायला बसलं की एका मिनिटाच्या शिवणाला अर्धा तास. खांदे दुखतात ते वेगळंच. हे हाताचं काम नाही तर कशाचं? बरं, त्या ग्रहणाच्या क्विल्टचं कापडही करणाऱ्या बाईने स्वतःच्या हाताने रंगवलेलं होतं. ते कोणाच्या हिशेबात धरलंच गेलं नाही.

हातशिलाईवाल्यांचं दुःख मला कळतं. अंगुस्तान घालून, सुई डुलवत, इंचाला दहा-बारा टाके घालायला बोट वर्षानुवर्षं घडवावं लागतं. ज्या निकषावर आयुष्य घातलं तोच बदलला तर राग येणारच. पण परीक्षकांनी निकष मोडला नव्हता. मशीन चालणार नाही असं नियमात असतं तर ती क्विल्ट स्पर्धेत घेतलीच गेली नसती. न लिहिलेला एक संकेत होता, तो मोडला.

पुढे मोठ्या प्रदर्शनांनी व्यवहारी तोडगा काढला: हातकामाच्या कौशल्याला वेगळं बक्षीस, मशीनच्या कौशल्याला वेगळं. पडूकाला 1991 मध्ये संग्रहालय उघडलं, आणि 1999 मध्ये विसाव्या शतकातल्या शंभर उत्तम अमेरिकन क्विल्टची यादी झाली तेव्हा ती ग्रहणाची क्विल्ट तिच्यात होती.

हात कोणाचा, हा प्रश्न मात्र पुन्हा डोकं वर काढत राहिला. 1992 मध्ये वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय संग्रहातल्या काही क्विल्टच्या नकला परवान्याने चीनमध्ये शिवून अमेरिकी दुकानांत आल्या. त्यात ती पाच डॉलरची बायबल क्विल्टही होती. छंदवाल्यांनी निषेधाच्या हजारो सह्या गोळा केल्या. गंमत म्हणजे त्या नकलांत हाताचं काम भरपूर होतं. मग लांब भुजेची मोठी मशीन आली, पुढे संगणकावर चालणारी. घरी जोडकाम करून क्विल्ट टाचायला बाहेर द्यायची पद्धत पडली. आता प्रवेशअर्जावर जोडकाम कोणाचं आणि टाके कोणाचे, अशी दोन नावं विचारतात. 1933 मध्ये हा रकाना असता तर!

भिंतीवर जाण्याचा दुसरा परिणाम साठवणीवर झाला. वापरातली क्विल्ट झिजते आणि संपते, तिला साठवायचा प्रश्नच नसतो. टांगायची क्विल्ट टिकली पाहिजे. टांगण्यासाठी पाठीमागे वरच्या कडेला चार इंच रुंदीचा नेफा शिवायचा आणि त्यातून काठी घालायची, ही आज सगळीकडे रुळलेली रीत प्रदर्शनांनीच पाडली. खिळे, चिमटे, टाचण्या नकोत, कारण सगळं वजन चार बिंदूंवर येतं. नेफ्यात ते आख्ख्या कडेवर पसरतं. संग्रहालयं कापडावर 50 लक्सच्या आसपास प्रकाश ठेवतात. घरात एवढा अंधार कोण ठेवणार? पण समोरासमोरची खिडकी टाळता येते, आणि तीन-चार महिन्यांनी क्विल्ट उतरवून दुसरी लावता येते. माझी एक तारांगणाची क्विल्ट दोन वर्षं एकाच जागी राहिली. आज नेफ्याच्या आडचं निळं आणि दर्शनी निळं हे दोन वेगळे रंग आहेत.

काही नुकसान मात्र करतानाच शिवलं जातं. एकोणिसाव्या शतकातल्या क्विल्टमध्ये बाकी सगळं धड आणि तपकिरी-काळे तुकडेच विरलेले दिसतात, कारण त्या रंगाच्या प्रक्रियेत लोह होतं आणि ते सुताला खातं. 1880 च्या दशकातल्या रेशमी क्रेझी क्विल्टचं, म्हणजे वेड्यावाकड्या आकारांचे तुकडे जोडलेल्या क्विल्टचं, रेशीम उभ्या चिरांनी फाटतं. वजन वाढवायला त्या रेशमात धातूचे क्षार भरलेले असत. अशा क्विल्टला कितीही जपा, फक्त वेग कमी होतो.

घडी हा खरा शत्रू. एकाच रेषेवर वर्षानुवर्षं दुमडलेलं कापड तिथेच तुटतं. म्हणून निम्म्यात न दुमडता तिहेरी घडी घालायची, दुमडीत धुतलेल्या सुती कापडाची सुरळी ठेवायची, आणि वर्षातून दोनदा घडीची रेष बदलायची. प्लॅस्टिकची पिशवी दमट हवा आत कोंडते. धुतलेला सुती उशीचा अभ्रा बरा. उघड्या लाकडाच्या फळीतून आम्ल सुटतं, तपकिरी डाग पडतात, म्हणून मध्ये कापड किंवा आम्लरहित कागद हवा. आणि घरात न वापरातला पलंग असेल तर त्याच्याइतकी चांगली जागा नाही. सगळ्या क्विल्ट एकीवर एक सपाट पसरायच्या, वर जुनी चादर टाकायची. घडीच नाही.

राहिली पाठीवरची चिठ्ठी. नाव, गाव, साल, कापड कसलं, भराव कसला, टाके कोणी घातले. जुन्या सह्यांच्या क्विल्टवर लोहयुक्त शाईने कापड खाल्लं आणि नावांच्या जागी नावांच्याच आकाराची भोकं राहिली, म्हणून न विटणारी, कापडासाठीची शाई घ्यावी. मी 'हाताने' किंवा 'मशीनने' असं काहीच लिहीत नाही. पायरीनुसार तीन ओळी लिहिते, आणि कडेच्या पट्टीची चौथी.