आकृतीतल्या सरळ रेघेलाही रोध असतो

शाळेच्या वहीतला विद्युत परिपथ आठवून पाहा. घट, कळ, एकसर जोडलेला ॲमीटर, समांतर जोडलेला व्होल्टमीटर, नागमोडी रेघेने दाखवलेला रोध आणि हे सगळं जोडणाऱ्या सरळ रेघा. गणित सोडवताना त्या रेघांकडे कुणी बघत नाही. त्यांचा रोध शून्य, हे न बोलताच ठरलेलं असतं. सुरुवातीला शिकायला ते सोयीचं आहे. पण घरातल्या आणि शेतातल्या विजेच्या कितीतरी तक्रारींचं मूळ त्या रेघांमध्येच असतं.

ज्याच्या नावाचा नियम आपण पाठ करतो, तो जॉर्ज सायमन ओहम मात्र या रेघाही हिशेबात धरून चालला होता. जर्मनीतल्या कोलोन इथे शाळेत शिकवत असताना त्याने तारांवर प्रयोग केले. त्या काळच्या घटांचं विभवांतर स्थिर राहत नसे. म्हणून पोगेनडॉर्फ या शास्त्रज्ञाच्या सूचनेवरून त्याने बिस्मथ आणि तांबं या दोन धातूंची जोडी वापरली; त्यांच्या दोन सांध्यांचं तापमान वेगळं ठेवलं की विभवांतर तयार होतं. एक सांधा उकळत्या पाण्यात, दुसरा बर्फात. तापमानातला फरक कायम, त्यामुळे विभवांतरही कायम. मग वेगवेगळ्या लांबीच्या तांब्याच्या तारा लावून चुंबकसूचीवर होणाऱ्या परिणामावरून तो धारा मोजत गेला. १८२६ साली त्याने मांडलेल्या सूत्रात छेदस्थानी दोन पदं होती : एक तपासायच्या तारेचं आणि दुसरं परिपथाच्या उरलेल्या सगळ्या भागाचं. हे दुसरं पद पाठ्यपुस्तकातल्या नेहमीच्या गणितांतून गळून गेलं आहे, आणि मला ते फार मोठं नुकसान वाटतं.

घरातलंच उदाहरण घेऊ. २,००० वॅटचा गीझर २३० व्होल्टवर साधारण ८.७ ॲम्पिअर धारा घेतो. म्हणजे त्याचा रोध सुमारे २६ ओहम. बोर्डापासून गीझर १५ मीटर लांब असेल, तर जाऊन-येऊन तार झाली ३० मीटर. दीडची, म्हणजे दीड चौरस मिलीमीटर छेदाची तांब्याची वायर असेल तर तिचा रोध येतो ०.३४ ओहम. ही तार गीझरला एकसर जोडलेली आहे, म्हणून ती आपला वाटा घेतेच : जवळपास ३ व्होल्ट वाटेतच जातात आणि सुमारे २५ वॅट उष्णता भिंतीतल्या वायरमध्ये तयार होते. अडीचची वायर घातली की हा आकडा १५ वॅटवर येतो. गीझरला जाड वायर हवीच, असं वायरमन बजावतो त्यामागे हे गणित आहे.

तीस मीटरभर पसरलेले २५ वॅट फारसे जाणवत नाहीत. धोका खरा आहे तो लूज कनेक्शनमध्ये. प्लगची पिन सॉकेटमध्ये सैल बसली आणि तिथे समजा अर्धा ओहम रोध तयार झाला. दहावीत शिकलेला ज्यूलचा नियम लावा : धारेचा वर्ग गुणिले रोध, म्हणजे सुमारे ३५ वॅट, आणि तेही पिनेच्या टोकाएवढ्या जागेत. सोल्डर वितळवणारी साधी सोल्डरिंग आयर्न २५ वॅटची असते! त्या उष्णतेने धातू काळा पडतो, सॉकेटमधली पत्ती आणखी सैल होते, रोध आणखी वाढतो.

एवढं होऊनही एमसीबी, म्हणजे बोर्डावरचा आपोआप बंद होणारा स्विच, पडत नाही. तो पडतो धारा वाढल्यावर. इथे तर एकूण रोध वाढल्यामुळे धारा किंचित कमीच झालेली असते. फ्यूजचंही तेच. म्हणून प्लग गरम लागला किंवा जळका वास आला, तर एमसीबी पडला नाही म्हणून निश्चिंत राहू नका. मेन स्विच बंद करून वायरमनला बोलवा.

शेतात हेच मोठ्या प्रमाणावर घडतं. ट्रान्सफॉर्मरपासून विहीर लांब, तार बारीक आणि त्याच लाइनवर इतर पंप चालू. मग वाटेतच बरेच व्होल्ट खर्च होतात. विभवांतर कमी झालं की धाराही कमी होईल, असं ओहमचा नियम पाठ असलेल्या कुणालाही वाटेल. पंपाच्या मोटारीचं उलटं असतं. तिला जवळपास तेवढंच पाणी तेवढ्याच उंचीवर चढवायचं असतं, म्हणून विभवांतर घटलं की ती जास्त धारा ओढते. वाढलेली धारा तारेत आणखी व्होल्ट खाते, वाइंडिंग, म्हणजे मोटारीतलं तारेचं वेटोळं, तापत जातं आणि अखेर मोटार जळते. ठरावीक रोध असलेल्या वस्तूसारखी मोटार वागत नाही, हे शाळेत एका वाक्यात तरी सांगायला हवं.

घरच्या विजेवर प्रयोग करायचे नाहीत. पण टॉर्चच्या सेलवर हे सगळं तपासता येतं. नुसत्या सेलला व्होल्टमीटर लावा, समजा १.५ व्होल्ट दिसले. आता छोटा बल्ब लावून पुन्हा बघा. बल्ब ०.३ ॲम्पिअर घेत असेल आणि काटा १.३ वर आला असेल, तर हरवलेल्या ०.२ व्होल्टला ०.३ ने भागायचं. उत्तर सुमारे ०.७ ओहम, हा सेलचा अंतर्गत रोध. उतरलेला सेल मोकळा मोजला तर बऱ्याचदा ठीकठाक व्होल्ट दाखवतो, आणि टॉर्चमध्ये घातला की उजेड पडत नाही, कारण जुना होताना त्याचा हा रोध वाढलेला असतो. सेल तपासायचा तो बल्ब लावूनच.