पोवळ्याची दुधातली परीक्षा

‘खरं पोवळं दुधात ठेवलं की दूध गुलाबी होतं.’ लातूर-नांदेडकडच्या ग्रुपांवर हा निरोप वर्षानुवर्षं फिरतोय. तसं होत नाही.

पोवळं खाणीतून निघत नाही. तो समुद्री प्राण्याचा सांगाडा, मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. लाल रंग त्या सांगाड्यातच मुरलेला असतो. दुधात किंवा पाण्यात तो सुटत नाही. दूध गुलाबी झालंच, तर माल रंगवलेला असण्याची शंका घ्यावी. म्हणजे नापास व्हायला हवा तोच खडा इथे पास होतो!

प्राणी म्हटल्यावर पुष्कळांना नवल वाटतं, आणि ते साहजिक आहे. आपल्याकडे समुद्र कुठला? पण याचेच भाईबंद प्रवाळभित्ती बांधतात, आणि त्यांच्या अनेक जातींत अंगावरच्या जिवाणूंची वस्तीही वयानुसार बदलते. कोवळ्या प्रवाळावर एक, प्रौढावर वेगळी. दगडाला कसलं वय?

घरी पाहायचं तर भिंग घ्या. खऱ्या पोवळ्यावर बारीक समांतर रेषा दिसतात, काचेच्या खड्यात बहुधा बुडबुडे. लिंबाच्या थेंबाने खऱ्यावर फेस येतो, पण चकाकी जाते. शिवाय शिंपल्यावरही येतो. महागाचा खडा असेल तर सरळ रत्नपरीक्षेच्या प्रयोगशाळेत द्यावा.