बॅरल किती लांब हवं? १० मीटर एअर रायफल घेण्याआधी हे वाचा

दुकानात आलेल्या पालकांचा पहिला प्रश्न किमतीचा असतो आणि दुसरा लगेच हा, की "जरा लांब बॅरलवाली दाखवा, नेम चांगला लागतो म्हणे". स्वप्नील कुसाळेने २०२४ ला पॅरिसमध्ये ब्राँझ मिळवल्यापासून रायफलची चौकशी करायला बरीच नवीन मंडळी येतात, त्यांना तरी हा गैरसमज घेऊन पैसे घालवायला लागू नयेत म्हणून हे लिहून ठेवतोय.

काही मुलं अमेरिकेतल्या मल्टीगन मॅचेसचे व्हिडिओ बघून येतात. तिथे रायफल, पिस्तूल, शॉटगन तिन्ही वापरत पळत पळत स्टेज पूर्ण करायची असते, आणि १६ इंची बॅरल घ्यावं की १८ इंची यावर लोक तासन्तास बोलतात. त्यांना ते महत्त्वाचंच आहे, कारण एकाच मॅचमध्ये हाताच्या अंतरावर कागदी टार्गेट आणि तीनशे-चारशे यार्डांवर स्टीलच्या प्लेटा असतात, लांब बॅरलने गोळीला वेग थोडा जास्त मिळतो पण पुढे वजन वाढलं की रायफल झटकन फिरवता येत नाही. आपल्या १० मीटरमध्ये टार्गेट जागचं हलत नाही आणि शूटरपण, त्यामुळे तिकडचे आकडे इकडे लावू नका.

मॅच एअर रायफलचा पेलेट (शिशाची छोटी गोळी) साधारण १७० मीटर प्रति सेकंद वेगाने सुटतो, तेवढा वेग १० मीटरला भरपूर झाला. आणि समोरून जी लांबलचक नळी दिसते ना, ती सगळी बॅरल नसते. चांगल्या पीसीपी (आधी भरून ठेवलेल्या दाबाच्या हवेवर चालणाऱ्या) रायफलमध्ये खरं आटे, म्हणजे पेलेटला फिरकी देणाऱ्या खाचा, असलेलं बॅरल ४२० मिमीच्या आसपासच असतं, त्याच्यापुढे पोकळ ट्यूब असते आणि तिच्यावर फोरसाइट, म्हणजे नेम धरायची पुढची साइट, बसते. बॅरल मुद्दाम छोटं ठेवतात. ट्रिगर दाबल्यावर पेलेट नळीतून बाहेर पडेपर्यंत काही मिलीसेकंद जातात, तेवढ्यात रायफल जराशी जरी हलली तरी ते टार्गेटवर दिसतं, कारण १० गुणांचा ठिपका फक्त अर्ध्या मिमीचा आहे आणि पुढची प्रत्येक रिंग अडीच मिमीवर. पेलेट जितका लवकर बाहेर तितकी हात हलल्याची शिक्षा कमी. नवीन मुलांचा फॉलो थ्रू (शॉटनंतर क्षणभर तसंच स्थिर राहणं) कच्चा असतो, शॉट झाला की लगेच मान वर करतात, म्हणून त्यांना तर छोटं बॅरल जास्तच उपयोगी.

मग पुढची ट्यूब कशाला? पीप साइट (डोळ्याजवळची बारीक छिद्राची साइट) आणि फोरसाइटमधलं अंतर वाढवायला. अंतर वाढलं की नजरेची बारीक चूक लगेच कळते, पण रायफलचं डोलणंसुद्धा मोठं दिसतं आणि नवीन मूल ते बघून घाबरतं, ट्रिगर ओढून मोकळं होतं. आमचं स्पष्ट मत आहे की पहिलं वर्षभर तरी ट्यूब छोटी ठेवावी. नंतर वाढवलीत तर फोरसाइटची रिंग बदलायला विसरू नका, रिंग डोळ्यापासून लांब गेली की बारीक दिसते, म्हणजे ३.६ मिमीची वापरत असाल तर ३.८ ची लावून बघा.

आणि वजन. कपडे आपण वाढत्या अंगाचे घेतो पण रायफल तशी घेऊ नका प्लीज! बारा वर्षांच्या मुलीला पुढे जड असलेली रायफल दिली तर ती पाठ जास्त मागे झुकवून तोल सावरते, कमरेवर टेकवलेला कोपर घसरायला लागतो, आणि तीच पोझिशन अंगवळणी पडली की कोचला सोडवता सोडवता नाकी नऊ येतात. पुढचं वेट काढून ठेवता येतं, स्टॉक (खांद्याला लावायचा दस्ता) कमीजास्त करता येतो, आम्ही ते फिटिंग करून देतो.

मॅचचे नियमही बघा. मेकॅनिझमच्या मागच्या टोकापासून नळीच्या दिसणाऱ्या टोकापर्यंत ८५० मिमीच्या वर चालत नाही, आणि साइटसकट पूर्ण रायफल ५.५ किलोच्या आत हवी. ट्यूबला भोकं पाडलेली चालत नाहीत. बाहेरून ट्यूब बनवून घेणाऱ्यांनी हे आधी वाचावं, नाहीतर इक्विपमेंट कंट्रोलला (मॅचआधीच्या तपासणीत) रायफल नापास होऊन परत मिळते आणि मूल रडवेलं होतं.

ओपन साइटसाठी (पीप साइट न लावता खेळायच्या प्रकारासाठी) स्प्रिंगवाली रायफल घेत असाल तर तिथे लांब बॅरलचा फायदा इतकाच की ते खाली वाकवून स्प्रिंग ताणायला (कॉक करायला) सोपं जातं. त्या रायफलला धक्का असतो, म्हणून पेलेट नळीत जास्त वेळ राहणं तिथे अजून वाईट.

०.१७७ इंची बोअर आणि २० ज्यूलच्या आतल्या एअर रायफलला लायसन लागत नाही, मॅच रायफल साधारण ८ ज्यूलला असते. तरी आम्ही ओळखपत्राची कॉपी ठेवतो.

येताना मुलाला आणाच, सोबत शूटिंग जॅकेट आणि शूज असतील तर तेपण, कारण साध्या टीशर्टवर घेतलेलं माप जॅकेट घातलं की बदलतं. सकाळी आलात तर निवांत वेळ देता येतो.