सोन्या हाराल्डसेन: दुकानदाराची मुलगी, नॉर्वेची राणी

सोन्या हाराल्डसेन म्हणजे नॉर्वेची राणी, राजे हाराल्ड पाचवे यांची पत्नी. जन्म ४ जुलै १९३७, ओस्लोमधला. वडील कार्ल आउगुस्ट हाराल्डसेन कपड्यांचे व्यापारी, आईचं नाव डाग्नी. माहेरी खानदानी पदवी वगैरे काही नाही, चांगलं खातंपितं व्यापारी घर. आज युरोपात राजाच्या घरी साध्या घरातली मुलगी सून म्हणून आली तर कुणी फार चमकत नाही, डेन्मार्कची मेरी, स्पेनची लेतिझिया, नेदरलँड्सची माक्सिमा अशी नावं पटापट सांगता येतात. सोन्याच्या वेळी मात्र हे सोपं नव्हतं, तिला लग्नासाठी नऊ वर्षं थांबावं लागलं, आणि माझ्या मते तिच्या आयुष्यातला सगळ्यात अवघड काळ तोच, राजवाड्यातला नाही.

शिक्षण अगदी कामाचं घेतलं. ओस्लोत शिवणकाम शिकली, मग स्वित्झर्लंडमधल्या लोझानला जाऊन हिशेब, फॅशन डिझाइन आणि समाजशास्त्र, पुढे ओस्लो विद्यापीठात फ्रेंच, इंग्रजी आणि कलेचा इतिहास.

हाराल्डची आणि तिची ओळख १९५९ मध्ये ओळखीच्यांकडच्या एका पार्टीत झाली. त्याच वर्षी तो लष्करी अकादमीतून पास झाला आणि तिथल्या बॉलला, म्हणजे नाचाच्या समारंभाला, तिला घेऊन गेला. त्याच वर्षी तिचे वडीलही वारले. नंतर सगळं गुपचूप. ओस्लोच्या विंडेरेन भागात हाराल्डसेनांचं घर होतं, भेटीगाठी जमतील तशा चोरून व्हायच्या, आणि बाहेर पेपरवाले युवराजाचं नाव ग्रीसच्या राजकन्यांशी जोडत बसलेले. विचार करा, ज्याच्याशी लग्न करायचंय त्याच्यासाठी स्थळं शोधायचं काम अख्खा युरोप करतोय आणि तुम्ही तोंडातून अक्षर काढायचं नाही, ते पण एकदोन महिने नाही, वयाच्या बाविशीपासून एकतिशीपर्यंत!

अडचण कुठे होती ते नीट समजून घ्यायला हवं. हाराल्डच्या दोन्ही थोरल्या बहिणींनी राजघराण्याबाहेरच लग्न केलं होतं, रांगहिल्डने १९५३ मध्ये आणि आस्त्रिदने १९६१ मध्ये, आणि ते निभावून गेलं कारण तेव्हा नॉर्वेत मुलींना गादीचा हक्कच नव्हता, तो आला १९९० च्या घटनादुरुस्तीनंतर. हाराल्ड मात्र एकुलता एक मुलगा, म्हणजे एकुलता एक वारस. शिवाय हे राजघराणं तसं नवंच, १९०५ मध्ये स्वीडनपासून वेगळं झाल्यावर लोकांनी मतदान करून डेन्मार्कचा राजपुत्र बोलावला, तो म्हणजे हाराल्डचे आजोबा होकोन सातवे. लोकांनी निवडलेल्या घराण्याला लोकांच्या मनातून उतरायची भीती जास्त असते. बरोबरीच्या घराण्यातली मुलगी नसेल तर राजेपणाचा आबच जाईल असं म्हणणारे खूप होते.

शेजारच्या स्वीडनमध्ये तर अशा लग्नाने राजपुत्राचा गादीवरचा हक्कच जायचा. तिथला राजपुत्र बेर्टील आणि साध्या घरातली लिलियन १९४३ मध्ये एकमेकांना भेटले आणि लग्न झालं १९७६ मध्ये. तेहतीस वर्षं! त्यापुढे सोन्याची नऊ वर्षं कमी वाटतील, पण तिला ती नऊच आहेत हे आधी माहीत नव्हतं ना, रोज उठून हे कधीतरी संपेल की नाही हेच डोक्यात असणार.

शेवटी हाराल्डने वडिलांना, म्हणजे ओलाव पाचवे यांना, स्पष्ट सांगितलं की हिच्याशी नाही तर कुणाशीच लग्न करणार नाही. या बोलण्यात प्रेम तर होतंच पण वजनही होतं, कारण हाराल्डला मूल नाही म्हणजे घराण्याचा दिवा विझला. ओलाव राजांनी एकट्याने निर्णय घेतला नाही, सरकारशी, संसदेच्या म्हणजे स्टोर्टिंगच्या अध्यक्षमंडळाशी आणि पक्षांच्या नेत्यांशी बोलणी केली आणि मग होकार दिला. साखरपुडा जाहीर झाला १९ मार्च १९६८ ला, लग्न २९ ऑगस्ट १९६८ ला ओस्लो कॅथेड्रलमध्ये. आणि तिथली एक गोष्ट मला फार मोठी वाटते, नवरीला वडील नव्हते म्हणून तिचा हात धरून तिला आत घेऊन आले ते स्वतः ओलाव राजे. ज्या सासऱ्याच्या होकारासाठी एवढं थांबली त्याच सासऱ्याने सगळ्या देशासमोर वडिलांची जागा घेतली, यानंतर कोण काय बोलणार.

सासरी सासू नव्हती. युवराज्ञी मार्था १९५४ मध्येच गेल्या होत्या आणि तेव्हापासून समारंभांना यजमानीण म्हणून नणंद आस्त्रिद उभी राहायची. त्यामुळे युवराज्ञीने नेमकं काय करायचं याचा चालू नमुना घरात नव्हता, तिने तो स्वतःच घडवला. निर्वासितांसाठी मदत गोळा करण्यात ती पुढे होती, त्या कामाबद्दल १९८२ मध्ये नान्सेन पदक, म्हणजे निर्वासितांसाठी झटणाऱ्यांना संयुक्त राष्ट्रांकडून दिलं जाणारं पदक, मिळालं. नॉर्वेच्या रेड क्रॉसची उपाध्यक्ष होती. मुलं दोन, मार्था लुईस १९७१ ची आणि होकोन १९७३ चा.

जानेवारी १९९१ मध्ये ओलाव वारले आणि सोन्या राणी झाली. होकोन सातवे यांची पत्नी राणी मॉड १९३८ मध्ये गेली, त्यानंतर तब्बल ५३ वर्षांनी नॉर्वेला राणी मिळाली. हाराल्डने स्टोर्टिंगमध्ये शपथ घेतली तेव्हा ती सोबत होती, आणि २३ जूनला ट्रॉनहाइमच्या निदारोस कॅथेड्रलमध्ये दोघांना आशीर्वाद देण्याचा विधी झाला. नंतर राजवाड्याच्या दुरुस्तीचं काम तिने मनावर घेतलं, खर्च वाढत गेला म्हणून टीका पण सोसली, आणि २००२ च्या उन्हाळ्यापासून लोक तिकीट काढून तो वाडा आतून बघतायत. डोंगर चढायची तिला जबरदस्त आवड. २००५ मध्ये थेट अंटार्क्टिकाला जाऊन नॉर्वेच्या ट्रोल संशोधन केंद्राचं वर्षभर चालणारं केंद्र म्हणून उद्घाटन केलं.

विंडेरेनचं ते माहेरचं घर आता ओस्लोत नाही. ते उचलून लिलेहामरच्या माइहाउगेन या खुल्या संग्रहालयात नेऊन उभं केलंय, जुन्या शेतघरांच्या आणि लाकडी चर्चच्या सोबत. राणीचं बालपण गेलं ते साधं शहरी घर तिथे कुणालाही जाऊन बघता येतं.

तिचा मुलगा होकोन याने १९९९ च्या सुमाराला मेट्टे-मारितशी जमवलं, तिला आधीचा लहान मुलगा होता आणि देशात पुन्हा भरपूर चर्चा झाली. पण यावेळी घरातून होकार मिळायला नऊ वर्षं लागली नाहीत. साखरपुडा डिसेंबर २००० मध्ये, लग्न २५ ऑगस्ट २००१ ला, त्याच ओस्लो कॅथेड्रलमध्ये, आणि आता सासू सोन्या होती.