इटालियनमधील आत्मवाचक क्रियापदांचा ‘कोंजुंतीवो इंपेरफेत्तो’

इच्छा, शंका किंवा प्रत्यक्षात नसलेली अट सांगणारे इटालियन क्रियारूप. मुख्य वाक्य भूतकाळात किंवा ‘व्होर्रेई’ (मला आवडेल) अशा रूपात असले, की ‘के’नंतर (म्हणजे ‘की’नंतर) ते येते. प्रत्यक्षात नसलेल्या अटीत ‘से’ (जर) आणि ‘कोमे से’ (जणू) यांच्यानंतरही तेच.

घडण सोपी आहे. आत्मवाचक, म्हणजे क्रिया करणाऱ्यावरच वळणाऱ्या, क्रियापदांच्या मूळ रूपातला शेवटचा ‘र्सी’ काढला की लावार्सी (अंग धुणे), मेत्तेर्सी (अंगावर घालणे), वेस्तिर्सी (कपडे करणे) यांतून लावा-, मेत्ते-, वेस्ति- उरतात. त्यांना स्सी, स्सी, स्से, स्सिमो, स्ते, स्सेरो हे ६ प्रत्यय लागतात. सर्वनाम सुटे आणि क्रियापदाच्या आधी येते: मी लावास्सी, ती लावास्सी, सी लावास्से, ची लावास्सिमो, वी लावास्ते, सी लावास्सेरो. हे ‘मी’ मराठी ‘मी’सारखे ऐकू आले तरी कर्ता नव्हे; त्याचा अर्थ ‘स्वतःला’. नकाराचा ‘नोन’ त्याच्याही आधी. पहिल्या दोन रूपांत क्रियापद सारखेच असल्यामुळे साध्या क्रियापदांत कर्ता संदर्भावरून ओळखावा लागतो; इथे ‘मी’ आणि ‘ती’ तो लगेच दाखवतात.

मराठी भाषकाची हमखास चूक म्हणजे हे सर्वनाम गाळणे. ‘उठणे’ला आपल्याकडे ‘स्वतःला’ लागत नाही. पण आल्त्सारे म्हणजे उचलणे आणि आल्त्सार्सी म्हणजे उठणे. ‘से आल्त्सास्सी’ म्हटले, की ऐकणारा ‘काय उचललेस तर?’ म्हणून वाट पाहतो. हवे ते असे: ‘से मी आल्त्सास्सी प्रेस्तो, फारेई कोलात्स्योने’ (लवकर उठत असतो, तर न्याहारी करत असतो). ‘से’नंतर आल्त्सेरेई घालणे चूक, ते ‘फारेई’सारखे रूप दुसऱ्या उपवाक्याचे.

अनियमित रूपे थोडीच: फार्सी–फाचेस्सी, पोर्सी–पोनेस्सी, दार्सी–देस्सी. ‘देस्सी’ऐवजी ‘दास्सी’ हे चुकीचे रूप इटालियन मुलांच्या तोंडीही येते. सेदेर्सीचे (बसणे) वर्तमानकाळात ‘स्येदो’ होते, म्हणून ‘स्येदेस्सी’ म्हणण्याचा मोह होतो. पण आघात पुढे सरकल्यामुळे इथे ‘सेदेस्सी’च.

‘उठलो असतो तर’ या भूतकाळात न घडलेल्या गोष्टीसाठी हे रूप चालत नाही. तिथे ‘से मी फोस्सी आल्त्सातो’. बोलणारी बाई असेल तर आल्त्साता, जसे आपले उठलो–उठले.